मुखड्यानंतरचं गाणं

पोलिसातल्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता धूसर झाली; हे एक मात्र एखाद्या स्वप्नासारखं अजून डोळ्यांपुढे येतं.

खालापूर हद्दीतल्या एका गोदामात सिनेमाचं शूटिंग चालू होतं. मुंबईच्या पबमध्ये डीजे म्हणून नाव काढणाऱ्या पोराची गोष्ट. शूटिंगच्या मॅनेजरने तक्रार अर्ज दिला की सिनेमाचं गाणं आधीच फुटलं, कर्जतकडच्या एका हळदीत वाजलं. कशेळ्याचा एक जीपवाला माझा जुना खबरी. त्याने हळदीचा व्हिडिओच मोबाईलवर आणून दिला.

संशय होता सेटवर गाणी लावणाऱ्या, शेलू गावच्या मुलीवर, कारण फाइल फक्त तिच्याच लॅपटॉपमध्ये होती. शेतकऱ्याची पोर, घरात शिकलेली पहिली. मीही माझ्या घरातला पहिला पदवीधर. असं नाव एकदा गेलं की परत मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. महिला अंमलदारासमोर जबाब घेतला. ती रडली नाही. "मी नाय दिलं, साहेब," एवढंच म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गोदामात गेलो. बाहेर लख्ख ऊन, आत काळे पडदे लावून केलेली रात्र. निळा उजेड, धूर, आणि गर्दी म्हणून आणलेली आसपासच्या गावांतली शंभरेक माणसं. मुलीने गाणं लावलं. मुखडा संपला आणि आवाज बंद झाला. नाच मात्र थांबला नाही. हिरोचं बोलणं स्वच्छ टिपता यावं म्हणून असंच करतात, असं मॅनेजरने सांगितलं. शंभर माणसं मुकाट नाचत होती. फक्त पावलांची सळसळ. धरणाच्या पाण्याखाली एखादं गाव नाचत असावं, तसं वाटलं.

"मुखड्याच्या पुढचं गाणं इथे कधी लावता?" मी विचारलं.

"कधीच नाही. मुखड्यापुरतंच."

मग मुलीकडून पूर्ण गाणं ऐकलं आणि व्हिडिओ शेजारी लावला. मुखडा तोच, अंतरा निराळा. फाइल चोरणारा अर्धं गाणं कशाला बदलेल?

जीपवाल्याने व्हिडिओत बेंजो वाजवणारा माणूस ओळखला. पळसदरीकडचा, चाळिशीचा, भातशेती करणारा. अकरा दिवस त्याच गर्दीत नाचलेला. ठाण्यात त्याने काही लपवलं नाही.

"मुखडा ऐकून ऐकून पाठ झाला. पुढचं माझंच हाय."

"कधी रचलंस?"

"आवाज बंद व्हायचा ना, तवा. पाय चालू, कान मोकळं. मंग आपोआप वाजायचं."

त्याने टेबलावर ठेका धरून अंतरा म्हटला. लिहिणारा हवालदार थांबला. मॅनेजरने अर्ज मागे घेतल्याचं लिहून दिलं.

गाणं कुणाकडे होतं, एवढंच मी विचारत बसलो होतो. ते कुणी कुणी ऐकलं, हे विचारायचं मला सुचलंच नाही. पुढच्या प्रत्येक तपासात तो प्रश्न मी आधी विचारला.

मुलीचा संबंध आढळला नाही, अशी नोंद मी डायरीत केली आणि तिला वाचून दाखवली. ती दाराकडे बघत म्हणाली, "साहेब, जरा मोठ्यानं वाचा. बाबा बाहेर बसलेत."