त्याच्या नावाखाली माझं नाव

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर शिरूरच्या कॉलेजात आम्हाला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मॅडमचे. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिलाच. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून तास संपल्यावर मॅडम लॅब उघडी ठेवायच्या आणि स्वतः तिथंच पेपर तपासत बसायच्या. काही सॉफ्टवेअर अशी असतात की त्यांचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा आणि सुधारणाऱ्याचं नाव तिथल्या यादीत लागावं, हे मला त्यांनीच सांगितलं. "आपल्या कॉलेजातलं एक तरी नाव तिथं लागू दे," असं त्या म्हणायच्या. ते नाव माझं असावं, एवढंच माझ्या मनात होतं.

तेव्हा वर्गात शेजारी बसणारा मित्र आता कारेगावात माझा रूममेट आहे. तो दौंडचा, रेल्वे कॉलनीत वाढलेला. कुणाशीही, कुठल्याही भाषेत बोलताना त्याला संकोच म्हणून वाटत नाही. आम्ही दोघं रांजणगावच्या एकाच कंपनीत आहोत. मी स्टोअरला, तो क्वालिटीला.

मोबाइलवर पुस्तकं वाचायचं, असंच खुल्या कोडचं एक मोफत अ‍ॅप मी वापरत होतो. पान क्रमांक इंग्रजी आकड्यात टाकला की पान उघडायचं. मराठी आकड्यात टाकला की 'असं पान नाही' यायचं. मी कोड उघडून बघितला. कुठं दुरुस्ती लागेल तेही कळलं. मग प्रकल्पाच्या पानावर ती चूक नोंदवली आणि खाली इंग्रजीत लिहिलं, 'आदरणीय सर, ही दुरुस्ती करण्याची मला परवानगी मिळावी.' आणि थांबलो. आमच्या शाळेत वर्गात यायलाही विचारावं लागे आणि बाहेर जायलाही. न विचारता दुसऱ्याच्या कोडला हात लावावा, हे मला सुचलंच नाही.

रूममेटला मी ते मोठ्या कौतुकानं दाखवलं. तो हसायलाच लागला.

"रहिवासी दाखला मागतोय व्हय? दुरुस्त कर आन् पाठव."

"उत्तर येऊ दे की."

"कोण देतंय उत्तर? तिथं काय साहेब बसलाय?"

आठवडा गेला. गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, मी कपडे वाळत घालत होतो तेव्हा तो आतून ओरडला, "भाई, मर्ज झालं!" म्हणजे त्यानं पाठवलेली दुरुस्ती प्रकल्पात घेतली गेली होती. मी शोधलेल्या चुकीची.

"माझं काम तू केलंस?"

"तुला सांगून दमलो की. आन् हे बघ, तुझंबी नाव लिहिलंय. चूक कुणी दाखवली, तिथं."

ते तर मला जास्तच लागलं. संध्याकाळी कॉलेजच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला : 'आपल्या कॉलेजातून पहिला!' खाली टाळ्यांची रांग. मीही एक टाळी टाकली आणि फोन उशीखाली सारला.

त्यानंतर त्याचं सगळंच खुपायला लागलं. शिटी वाजवत दाढी करणं. दौंडला फोन लावून, "मम्मी, फॉरेनवाल्यांनी घेतलं माझं," असं सगळ्या चाळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगणं. तो रोज सकाळी दोघांचा चहा करायचा, तोही मला गोड लागेना.

पुढच्या गुरुवारी मी त्याचा कोड उघडला, तो एकाच इच्छेनं. त्यात काहीतरी चुकलेलं निघावं. एक आकडी पान, तीन आकडी पान, अर्धे मराठी अर्धे इंग्रजी आकडे. सगळं बरोबर चालत होतं. वाईट वाटलं. मग आकड्यानंतर चुकून स्पेस पडली तर काय होतं, ते बघितलं. मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर ती पुष्कळदा पडतेच. अ‍ॅप बंद पडलं. इतका आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

"बघ," मी फोन त्याच्या नाकासमोर धरला, "तुझं बंद पडतंय."

"च्यायला, व्हय की." त्यानं उशी पाठीशी घेतली. "मग? आता परत अर्ज लिहितोस, का पाठवतोस?"

या वेळी मी कुणाला विचारलं नाही. दुरुस्ती केली, ती तपासणारी एक चाचणी जोडली आणि पाठवून दिली. प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसानं एक बदल सुचवला, तो केला आणि माझं काम घेतलं गेलं. काम करणाऱ्यांच्या यादीत नावं जशी येतील तशी लागतात. माझ्या नावाच्या बरोबर वर त्याचं.

त्याच दिवशी मॅडमना मी मेल पाठवला :

'आदरणीय मॅडम,

आपल्या कॉलेजातलं दुसरं नाव तिथं लागलं. ते माझं आहे. पहिलं माझं लागायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं, आणि यादी उघडली की नजर आधी वरच्या नावावर जाते. पण त्याचं बघून पोटात दुखलं नसतं, तर मी अजून परवानगीची वाट बघत बसलो असतो. त्या विनंतीला उत्तर कधी आलंच नाही. लॅबमध्ये थांबायला मात्र तुमच्याकडे मला कधी विचारावं लागलं नाही. किल्ली घेऊन तुम्हीच बसून राहायचात. हे आज लिहिताना ध्यानात आलं.

ग्रुपवर टाकणार असाल तर एवढंच करा, माझ्याबद्दलच्या मेसेजमध्ये त्याचं नाव घेऊ नका. तो शेजारी बसून हे वाचतोय आणि हसतोय.

तुमचा विद्यार्थी'