जिवनबाईनं पेढा घेतला नाही

आमच्या हट्टा गावात शेजारच्या घरचं ताट रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर, मूठभर हरभरे, काहीतरी त्यात घालूनच ते परत येतं. पण भरून दिलेलं ताट भरलेलंच परत आलेलं मी लग्न होऊन या गावात आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. धपाटे होते. वरचा रुमालसुद्धा हललेला नव्हता.

"जिवनबाई, काही चुकलं का?" मी विचारलं.

"धपाट्याचं काय चुकणार, ताई. पोरगं घरी हाय म्हणून."

"अहो, तो घरी आहे म्हणूनच दिलेत ना."

"म्हणूनच न्हाई घेतले," ती म्हणाली आणि ताट माझ्या ओट्यावर ठेवून गेली.

जिवनबाई आमच्या समोरच्या घरात राहते. मूळची बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. मुलाची शाळा आणि शाळेचं मैदान जवळ पडावं म्हणून इथं खोली घेऊन राहिली ती राहिलीच. नवरा सेवा, ट्रकवर ड्रायव्हर, वर्षातला बराच काळ परमुलखात. ही उन्हाळ्यात हळद शिजवायच्या कामावर जाते, एरवी मिळेल त्या शेतात. स्वभाव अतिशय संशयी. वसमतला जायचं तर एसटीची पाटी दोघांकडून वाचून घेणार, मग कंडक्टरला विचारणार, आणि आत बसल्यावर शेजारणीला पुन्हा. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवणार. तिचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही ऊन उतरेपर्यंत. मला मात्र ती आवडते. गोड बोलून पाठीमागे वेगळं बोलणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात. ही जे वाटतं ते तोंडावर विचारते.

तिचा रणजीत धावतो. दोनशे मीटर. शाळेत धावला, जिल्ह्यात धावला, राज्यात धावला, मग त्याला देशाच्या शिबिरात नेलं. या वर्षी कोलंबोला शेजारच्या देशांची मिळून मैदानी स्पर्धा होती, त्यात पुरुषांच्या दोनशे मीटरला भारताकडून त्याची निवड झाली. जाण्याआधी थोडे दिवस घरी सोडला होता. शिबिरातल्या साहेबांनी सांगितलेलं त्यानं आल्याआल्या आईला बजावलं: बाहेरचं काही खाऊ घालू नकोस, खोकल्याचं औषधसुद्धा विचारल्याशिवाय नाही; स्पर्धेत लघवी तपासतात, त्यात भलतंसलतं निघालं तर चार-चार वर्षं बाद करतात.

आता 'खाऊ घालणं' हा शब्द आमच्या भागात साधा नाही. दुभती म्हैस आटली, जमलेलं लग्न मोडलं, चांगला पोरगा बापाला उलटून बोलायला लागला, की बायका मान हलवून म्हणतात, कोणीतरी खाऊ घातलं. जिवनबाईनं शिबिरातल्या साहेबांचं सगळं व्याख्यान त्या एका शब्दात बसवून टाकलं होतं. म्हणून माझे धपाटे परत. गल्लीतल्या पद्माबाईची शेवयांची खीर परत. पद्माबाई काही ऐकून घेणारी बाई नव्हे. ती भर गल्लीत म्हणाली, "खिरीत म्या काय करणी कालवली का? एवढं असंल तर पोराला काचेच्या कपाटात ठिव म्हणावं."

जिवनबाईनं घरातूनच उत्तर दिलं, "कपाट आणलं तर त्याला भोक हाय का तेबी पाहीन."

मी बी.एस्सी. झालेली आहे. ती आता फोडणी देण्यापुरती उरली असली तरी मला राहवलं नाही. संध्याकाळी ती ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती, मी जाऊन बसले. म्हटलं, "जिवनबाई, तुमचा गैरसमज झालाय. ते विष नसतं. ते औषध घेतलं की माणूस जोरात पळतो."

"जोरात पळतो?"

"हो."

"मग वाईटावरचा माणूस कशाला घालंल ते?"

"तेच तर सांगतेय. दुसरं कोणी घालत नाही. बहुतेक वेळा पळणारा आपला आपणच घेतो. त्याला लबाडी म्हणतात, म्हणून तपासणी."

सुपातला तिचा हात थांबला. आत रणजीत मोबाइल बघत आडवा पडला होता. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आपला रणजीत तसा न्हाई," ती म्हणाली. ज्वारी निवडता निवडता थोड्या वेळानं म्हणाली, "तुमाला काहून वाटलं तसं?"

"मला कुठं काय वाटलं? मी आपलं सर्वसाधारण सांगितलं."

"हं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून तिची नजर फिरली. इतके दिवस ती दारात बसून बाहेर बघायची, आता आत बघायला लागली. पद्माबाईच्या खिरीचं नावही निघेना.

रणजीतच्या डाव्या मांडीची शीर धरत होती, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. सकाळी मैदानावरून येताना तो पाय जरासा ओढायचा आणि घर जवळ आलं की सरळ चालायचा. त्याच दिवसांत हरीशच्या चकरा वाढल्या. हरीश म्हणजे वसमत रोडला ज्याची जीम आहे तो. दंड असे की शर्टाच्या बाह्या केविलवाण्या वाटाव्यात. मोटारसायकल दारात लावून म्हणायचा, "मावशी, च्या पाजा की."

"दूध नासलंय."

"कालबी नासलं होतं."

"उन्हाळा हाय," जिवनबाई म्हणायची आणि दारातून हलायची नाही.

मग हरीश आत जाऊ शकला नाही तरी रणजीत बाहेर यायचा. एका सकाळी मी गच्चीवर कुरडया घालत होते. पाण्याच्या टाकीमागे दोघं उभे होते. हरीशनं मोटारसायकलच्या डिकीतून मेडिकलच्या दुकानात मिळते तसली कागदी पुडी काढली. रणजीतनं ती घेतली, जर्सीखाली घातली आणि आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं. वर कोणी पाहत नाही.

सांगावं की नको, यात माझे दोन दिवस गेले. वाटायचं, मलमच असेल. मग वाटायचं, मलम कोणी जर्सीखाली लपवतं का? शेवटी जिवनबाईच आली.

"ताई, परवा हे दोघं टाकीमागं गेले तवा तुमी गच्चीवर होत्या ना?"

"होते."

"पाह्यलं?"

"पाहिलं."

"मग मला सांगू नका." ती उंबऱ्यातच बसली. "आजपावतर घरी आला की बॅग दारात फेकायचा. धू म्हणायचा. आता कुलूप लावून खुंटीला टांगली. मी हात लावला तर म्हणतो, राहू दे याडी, तुला तकलीफ कशाला." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. "जल्मल्यापासून माझ्या तकलीफीची याला आठवण झाली न्हाई."

"मग सरळ विचारा त्याला."

"इचारलं अन् हो म्हणला तर? धरून ठिऊ का जाऊ दिऊ? सेवाला काय सांगू, तांड्याला काय सांगू? अन् न्हाई म्हणला तर मला पटंल का?" तिनं पदरानं मान पुसली. "न्हाई पटणार, ताई. मला माझा सभाव म्हाईत हाय."

रणजीत गेला, आधी शिबिरात आणि तिथून कोलंबोला. तिनं विचारलं नाही. त्याला निरोप द्यायला सगळी गल्ली स्टँडवर आली होती. ही त्याच्या चेहऱ्याकडे कमी आणि खांद्यावरच्या बॅगेकडे जास्त बघत होती.

अंतिम शर्यत आमच्या घरी पाहिली, माझ्या मुलीच्या, वैष्णवीच्या मोबाइलवर. बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्राथमिक फेरीतून तो कसाबसा वर आला होता, त्यामुळे शेवटच्या आठांत आला हेच लोकांना पुष्कळ वाटत होतं. बंदूक वाजली. वळणावर तो पाचवा का सहावा होता. वळण संपलं आणि सरळ रस्ता लागला, तसा तो एकेकाला मागं टाकत सुटला, आणि शेवटच्या रेषेवर छाती पुढं टाकून दुसरा आला. रुपेरी पदक. आयुष्यात इतक्या कमी वेळात तो कधीच धावला नव्हता, असं मोबाइलमधला समालोचक सांगत होता, पण बैठकीतल्या आरड्याओरड्यात ते फक्त मला ऐकू आलं. आणि जिवनबाईला.

"वैष्णवी, पुन्हा दाखव," ती म्हणाली.

वैष्णवीनं दाखवलं.

"शेवटचं दाखव. पळणं झाल्यावरचं."

रेषा ओलांडून रणजीत चालत होता. हसत होता. तिरंगा अंगावर घेऊन कुणाकुणाला हात दाखवत होता.

"हा थकला न्हाई," जिवनबाई म्हणाली.

"अगं, जिंकल्यावर कोण थकतं?" पद्माबाई म्हणाली.

"इथल्या मैदानावर पळतो तरी गुडघ्याला हात लावून बसतो. पाणी मागतो. एवढं पळला अन् हसून राहिला?"

कोणी लक्ष दिलं नाही. मी दिलं. आणि खरं सांगते, मलाही टाकीमागची पुडी आठवली. तेवढ्यात वैष्णवी खाली लोकांनी लिहिलेलं वाचायला लागली: शाब्बास, अभिमान वाटतो, आणि मग एकानं लिहिलं होतं, हा एकदम कुठून उगवला, याची तपासणी करा. तेवढं वाचून वैष्णवीनं मोबाइल खाली घेतला.

"वाच," जिवनबाई म्हणाली. "वाच की. माझ्या मनातलंच लिवलंय त्यानं."

पद्माबाई जुनं सगळं विसरून पेढ्यांचा पुडा घेऊन आली होती. पहिला पेढा आईच्या तोंडाला. जिवनबाईनं तोंड फिरवलं.

"आजबी आमचं चालत न्हाई का?"

"तुमच्या पेढ्याला काही न्हाई झालं, पद्माबाई. मला गिळणार न्हाई."

बायका म्हणाल्या, आनंदानं झालंय तिला. मी पुडा घेऊन बाकीच्यांना पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी हरीशनं चौकात फ्लेक्स लावला. रणजीतचा फोटो लहान, हरीशचा मोठा, आणि खाली जीमचं नाव. तो हार घेऊन जिवनबाईच्या दारात आला. "मावशी, तुमचं पोरगं माझ्या हातानं घडलं."

"तुझ्या हातानं काय काय झालं ते तरी सांग," ती म्हणाली.

"मेहनत, मावशी. दुसरं काय."

"टाकीमागं मेहनत करता व्हय?"

हरीशनं हाराची फुलं सारखी केली. मग त्याला कोणाचा तरी फोन आला. फोन वाजलेला मात्र मला ऐकू आला नाही.

रणजीत परतला त्या दिवशी स्टँडपासून घरापर्यंत हलगी वाजत आली. दुपारी माणसं पांगल्यावर जिवनबाईनं मला हाक मारली.

"तुमी बसा, ताई. मला एकटीला त्याच्या तोंडावरचं कळायचं न्हाई. आई हाय मी. आईचे डोळे लबाड असतेत."

मी बसले. तिनं त्याला भाकरी वाढली, वांग्याची भाजी वाढली, तो दोन घास जेवला, आणि मग ती म्हणाली, "खाल्लं का तू?"

"जेवूनच राहिलो ना, याडी."

"ते न्हाई. हरीशनं दिलेलं."

त्याचा हात ताटातच राहिला. माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. "तूबी?" तो म्हणाला. "मोबाइलवर सगळं जग तेच इचारून राहिलं. आता तूबी?"

"मी त्यांच्या आधीपासून."

"तपासणी झाली माझी. माणूस समोर उभा करून घेतली. निकाल आला की कळंल."

"निकाल त्यांच्यासाठी. मला तू सांग."

त्यानं भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून तसाच ठेवला.

"गोळ्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "हरीशनं आपणहून न्हाई दिल्या. म्या मागितल्या. मांडी ऐकत नव्हती, मला वाटलं मी शेवटचा येईन अन् सगळे हसतेन."

जिवनबाई हलली नाही. "मग?"

"शिबिरात उशाखाली ठिवल्या. घेऊ का नको, घेऊ का नको. तेवढ्यात बाजूच्या खाटेवरच्या पोराचा निकाल आला. दोषी. त्याची बॅग उचलली, त्याला बाहेर काढलं. त्याचा बाप न्यायला आला होता. बाप त्याच्याशी एक शब्द बोलला न्हाई, याडी. त्या दिवशी म्या गोळ्या संडासात टाकल्या, दोनदा पाणी सोडलं." मग तो खाली बघत म्हणाला, "मला शाणपण सुचलं म्हणून न्हाई. भेलो म्हणून. तो पोरगा सापडला नसता तर खाल्ल्या असत्या मी, बहुतेक."

"मग थकला काहून न्हाईस?"

"कोण म्हणतं? तिरंगा काढून दिला अन् भिंतीमागं जाऊन वकलो. दोनदा. देशाचे कपडे अंगावर होते, कॅमेऱ्यासमोर कसा बसू?"

जिवनबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. माझी खात्री कशानं पटली, तर त्या सांगण्यात त्याची काही शोभा नव्हती यानं. खोटं बोलणारा माणूस स्वतःला एवढं लहान करून बोलत नाही.

"मांडी कशी हाय?" तिनं त्याला विचारलं.

"दुखते."

"असाच भेत जा," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात गरम भाकरी टाकली.

त्यानं ती मोडली नाही. "याडी, तुला खरंच वाटलं ना, मी चोरी केली म्हणून?"

"वाटलं."

"अन् आता?"

तिनं थोडा विचार केला. "आताबी जरासं वाटून राहिलं," ती म्हणाली. "जाईल ते हळूहळू. तू जेव."