रामाचा घोटा

आमच्या मोरव्याच्या हुतुतू संघातले जुने गडी भेटले, की कोणी तब्येत विचारत नाही. सगळे सरळ घोटा दाखवतात! प्रत्येक घोट्यामागे एक किस्सा, आणि निम्मे किस्से रामाचे.

दुसरं महायुद्ध सुरू झालं त्या वर्षीची गोष्ट. घोडबंदरशी सामना आठवड्यावर आलेला, आणि मिठागराच्या टणक जमिनीवर रामाचा उजवा पाय मुरगळला. चढाईला त्याच्यासारखा दुसरा नव्हता. मी कॅप्टन! हाड मोडलेलं असताना खेळवला, तर पोरगा जन्माचा लंगडा होणार. मला बसवेना की उभं राहवेना.

"चालताना दुखतं का रे?" मी विचारलं.

"चालताना लय दुखतंय. पळताना न्हाय!"

"मग?"

"मग पळतच कामावर जातोय!"

* * *

ओढून डॉक्टरकडे नेला. ते म्हणाले, "सांध्यात मऊ कूर्चा असते, हाडावर हाड घासू नये म्हणून. ती फाटली तर कठीण. मुंबईला जाऊन पायाचा फोटो काढा. तोवर पूर्ण रेस्ट!"

"फोटो सामना झाल्यावर," रामा म्हणाला. "हरलो तर तोंड दाखवायचं न्हाय, पाय कशाला दाखवू?"

* * *

दुसऱ्या दिवशी बघतो तर हा मिठागराच्या बांधावर एका पायावर उभा, हातात फावडं!

"अरे, रेस्ट?" मी ओरडलो.

"दिलीय की! उजव्याला रजा, डाव्याला डबल ड्युटी!"

संध्याकाळपर्यंत डावाही सुजला.

* * *

रामाच्या आईने डॉक्टरांचं एवढंच ऐकलं, की आत काहीतरी मऊ असतं. तिने लेकाला दोन्ही वेळा बोंबील सुरू केले. "बोंबलाइतकं मऊ हाड कोनाचं हाय?"

चौथ्या दिवशी रामा कळवळून म्हणाला, "कॅप्टन, पाय बरा होईल, पन मांजरं पाठ सोडत न्हाईत!"

मी हसलो, पण नजर त्याच्या घोट्यावरच.

* * *

सामन्याच्या सकाळी मी हाडवैद्य तात्यांना बोलावलं. त्यांची परीक्षा ठरलेली. गड्याने डोळे मिटून हुतुतूचा दम धरायचा, म्हणजे एका श्वासात 'हुतुतू' म्हणत राहायचं, आणि तात्या अंगठ्याने सांधा दाबणार. दम तुटला तर हाड मोडलंय. टिकला तर नुसती मुरगळ!

रामाच्या दोन्ही पायांना आंबेहळदीचा लेप. त्याने दम धरला. तात्यांनी सगळी ताकद लावून दाबलं. "हुतुतूतूतू..." आवाज जरासुद्धा हलला नाही! मी त्याला मैदानात उतरवला. जिंकलो! शेवटच्या चढाईत त्याने तिघांना मारलं आणि आमच्या अंगावरच कोसळला.

मग मुंबईला फोटो काढला. हाडाचा टवका सांध्यात सुटा पडलेला; डॉक्टर म्हणाले, कूर्चाही फाटलीय. खेळ कायमचा बंद. मी ढसाढसा रडलो.

तात्या काठी आपटत रामाच्या घरी आले. "चाळीस वरसं हाडं बसवतोय मी! हाड मोडलेलं, तर तुझा दम कसा न्हाय तुटला?"

"तात्या, तुम्ही डावा पाय दाबलात."

"मेल्या, मग तवाच सांगायचं न्हाय?"

"बोललो असतो तर दम तुटला नसता?"