पानमळ्यात घातलेला घोडा

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली मी अकोटच्या बाजारातून घोडा घेतला. माझा लहानपणापासूनचा सोबती पानमळा करणारा माळी होता. त्याच्याकडे एक म्हातारं तट्टू होतं. रोज सकाळी आम्ही दोघं मुरमाच्या वाटेनं, पानमळ्यांच्या कडेकडेनं सागाच्या रानापर्यंत रपेट करायचो, गप्पा मारत, सावकाश.

एके दिवशी परतताना मला घोड्याची चाल दाखवायची हुक्की आली. "पाह्य, तुह्या आधी विहिरीवर पोचतो मी," म्हणालो आणि जवळची वाट म्हणून घोडा सरळ त्याच्या मळ्यात घातला. तिथं तो स्वतःही देवळात जावं तसा वहाणा काढूनच जाई. पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले पानाचे वेल खाली ओढले जाऊन टापांखाली तुटले.

मागून तो आला. वहाणा बाहेर काढून आत शिरला आणि एकेक वेल उचलू लागला.

"काहून घातला रे घोडा? मले सांगतलं असतं, तं मीच हरलो म्हटलं असतं."

दुसऱ्या दिवसापासून तो रपेटीला आला नाही. माफी मागायला मी दोनदा त्याच्या कुंपणापर्यंत गेलो. दोन्ही वेळा घोड्यावरून खाली उतरणं मला जमलं नाही.