धुरपताबाईच्या पिल्लांची वाटणी

अर्जुनी मोरगावजवळच्या त्या गावात कोंबडीची पिल्लं जरा मोठी झाली, की बायका ती टोपलीत घालून शामकलाकडे आणायच्या. कोंबडा कोणता, तलंग कोणती, हे ती उभ्या उभ्या सांगायची. तलंग म्हणजे उद्या अंडी घालणारी, म्हणून सगळ्यांचा जीव तलंगांतच. ही पारख तिने चिचगडला, माहेरी आईजवळ बसून उचलली होती.

२००६च्या उन्हाळ्यात मात्र तिचंच खुराडं रिकामं झालं. मुंगसाने सगळ्या कोंबड्या मारल्या. मग तिने शेजारच्या धुरपताबाईची खुडूक कोंबडी बटईने आणली. अंडी बसवायची, पिल्लं सांभाळायची आणि कोंबडीने पिल्लं सोडली की निम्मी निम्मी वाटायची. पहिलं पिल्लू मालकिणीने उचलायचं, मग पाळणारीने, असं आळीपाळीने.

आठ पिल्लं जगली. त्यांत तलंगा तीनच, हे शामकलाने केव्हाच ओळखलं होतं. त्यातली एक तरी हाती लागली, तर खुराडं पुन्हा भरणार होतं.

वाटणीच्या सकाळी तिचा नवरा छोटेलाल हळूच म्हणाला, "तिनं इचारलं तरी बोलू नको."

"काऊन? साऱ्या गावाले खरं सांगाचं, आन् मावशीले लपवाचं?"

धुरपताबाई आली ती अंगणात फतकल मारूनच बसली. शामकलाने तांदळाची मूठभर कनकी टाकली आणि पिल्लं गोळा झाल्यावर अचानक पदर झटकला. तीन पिल्लं जमिनीला चिकटून दबली, बाकीची माना ताठ करून उभी राहिली.

"बघ न मावशी, दबल्या त्या तलंगा. शेपटीचं पीस आलं त्याइले. हे बाकीचे कोंबडे. तुरा गुलाबी होऊन राहिला."

धुरपताबाईने डोळे बारीक केले. "म्हंजे खऱ्या तलंगा दुसऱ्याच हायेत, असंच न? मले शिकवते का वो? माही सासू उलटं धरून पाहे. फडफडला तो कोंबडा, गप्प लटकली ते तलंग."

तिने एकेक पिल्लू पायांना धरून उलटं केलं. कोंबडे सगळे धीट, शामकलाच्या तळहातावरची कनकी खाणारे. ते मुकाट लटकले. बुजऱ्या तलंगांनी फडफडून धुरळा उडवला.

"पाह्यलं! मी नाही फसाची."

"मावशी, अजून सांगून राहिलो, ते कोंबडे होत."

"राहू दे वो!" म्हणत धुरपताबाई चार कोंबडे पदराखाली घेऊन गेली. शामकलाकडे तिन्ही तलंगा राहिल्या, वर एक कोंबडा.

धान खळ्यावर आलं तोवर धुरपताबाईच्या आवारात चार कोंबडे पहाटेपासून आरवायचे आणि दिवसभर झुंजायचे. इकडे शामकलाच्या तणसात पहिलं अंडं दिसलं. छोटेलाल हसत सुटला. "बरं झालं, तू माहं आयकलं नाही!"

पुढच्या उन्हाळ्यात धुरपताबाई नवी पिल्लं टोपलीत घेऊन दारात उभी.

"आता तरी खरं सांग."

"मांगच्या खेपेलेही खरंच सांगतलं होतं."

"म्हनूनच त फसलो न!"

सवयीने तिने एक पिल्लू पायांना धरून उचललं. शामकला तिच्या हाताकडे बघत राहिली. धुरपताबाईने ते हळूच सरळ करून खाली ठेवलं आणि टोपली पुढे सरकवली.

शामकलाने कनकी टाकली आणि पदर सोडवून हातात घेतला.