नव्या कॅसेटचा मऊ आवाज

आमच्या लाडक्या विलायती रॉक बँडची नवी कॅसेट आली ती नव्वदीच्या मध्यात. मी तेव्हा कराडला इंजिनिअरिंग करत होतो. जतच्या मित्राच्या खोलीवर आम्ही तिघं जमलो. टेपचा सुटा स्पीकर त्यानं रिकाम्या माठाच्या तोंडावर पालथा ठेवला होता, कारण त्यानं ढोल घुमतो. पहिली बाजू संपली आणि भांडण सुरू झालं.

"बिघडला रं बँड," जतकर म्हणाला. "आधी कसं भारदस्त वाटायचं. आता नुसता चरचराट. कानात सुई टोचल्यागत."

"आरं, जग बदललं, त्यांनी बदलायचं न्हाई व्हय? मला तर लय आवडलं," कराडचा मित्र म्हणाला.

मी दोघांनाही वेड्यात काढलं. मला अख्खी कॅसेट गोधडीखालून वाजल्यासारखी वाटली होती. "चरचराट कसला? ड्रमवाला म्हातारा झालाय गड्या. त्या पितळी थाळ्यांना हातच लावत न्हाई."

दोघंही माझ्याकडं वळले. जतकर म्हणाला, "चेष्टा करतोस व्हय? सगळीकडं थाळ्याच तर हायत!"

मला वडील आठवले. आमचं घर विट्यात. खाली यंत्रमाग, वर आम्ही. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडं सगळेच ओठ बघून बोलणं ओळखतात. मीही लहानपणापासून तेच करत आलो. वडील चाळिशीत ठार बहिरे झाले. त्याआधी कित्येक वर्षं ते चिडून म्हणायचे, हल्ली लोक पुटपुटतात. पण ओठांवरून त्यांचं भागत होतं, त्यामुळं कान चाललेत हे त्यांनाही कळलं नाही. आपलंही तसंच होणार, ही धास्ती मी कुणापाशी बोललो नव्हतो.

"माठामुळं असंल," म्हणत मी स्पीकर उचलला आणि दुसरी बाजू लावली. जतकरानं कानांवर हात ठेवले. मला तोच मऊ आवाज आला.

मग मी त्यांची जुनी कॅसेट काढली. शाळेत असताना तिची पारायणं केली होती, कराडला आल्यापासून मात्र लावली नव्हती. तिच्यातलं पहिलंच गाणं नुसत्या थाळीनं सुरू होतं. थाळीवर काडीची टिकटिक बराच वेळ चालते, मग गिटार येते. ती टिकटिक ऐकू आली, तर बदलला तो बँड, मी नाही. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

कॅसेटची चाकं फिरू लागली. मी श्वास रोखून वाट बघत होतो. अजून कोरीच फीत चाललीय असं वाटलं. मग समोर लक्ष गेलं. दोघंही माना डोलवत होते, एकाच तालात. जतकराचं बोट गुडघ्यावर ठेका धरत होतं.

त्याच्या बोटाकडं बघत मीही मान डोलवू लागलो.