जिन्यावरचं पाणी

जर्मनीत ट्युबिंगनला आल्यावर त्याच आठवड्यात माझ्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकलेली दिसली. केअरवोखे, म्हणजे जिना झाडण्याची पाळी. तिकडे ही पाटी आठवड्याला एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते; ज्याच्या दारावर ती, त्याने जिना साफ करायचा. मला हसूच आलं. बेचाळिसाव्या वर्षी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन मास्टर्स करायला इतक्या लांब आले, आणि पहिलं काम काय, तर झाडू.

त्या वर्षी मुलाची बारावी होती. जर्मनीच्या आठवणी सांगताना हे वाक्य मी आजवर गाळत आले. निघताना सासूबाई म्हणाल्या होत्या, "लोक मुलाच्या बारावीला रजा टाकून घरी बसतात, तू रजा टाकून देशच सोडलास." मुलगा मात्र म्हणाला, "जा गं आई, तू घरात असलीस की मला जास्त टेन्शन येतं." सगळे हसले. मीही हसले, पण ते लागलं होतं.

गाव देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. माझ्या खिडकीखाली प्रवाशांचे घोळके थांबत, माना वर करून त्या शेकडो वर्षं जुन्या लाकडी घराचे फोटो काढत. मी पडद्यामागे उभी असे. बाहेर पडायचं म्हणजे पाव मागायलासुद्धा वाक्य जुळवायचं. विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांच्या ओळखीच्या कार्यक्रमात पोरंपोरी मला हसत एकेरीत हाक मारत होती. माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांएवढीच सगळी. मी खोलीवर येऊन पलंगावर बसे. आता मुलगा क्लासहून आला असेल, आता जेवला असेल की नाही. त्या चार भिंतींत मला कुणी कोंडलं नव्हतं, आणि म्हणूनच सुटताही येत नव्हतं.

शनिवारी सकाळी जिना झाडला. मग पुण्यात आमच्या सोसायटीत करतात तसं वरच्या पायरीवर बादलीभर पाणी ओतलं. पाणी पायऱ्यांवरून खाली आलंच नाही. फळ्यांच्या फटींतून आत गेलं आणि दिसेनासं झालं.

थोड्या वेळाने खालचं दार उघडलं. तळमजल्यावर मालकीणबाई एकट्या राहत, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी हाक मारली. मी खोलीत शिरून कडी लावली. त्या वर येऊन दार वाजवून गेल्या. मी दार उघडलं नाही.

मग नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "अहो, मला बहुतेक ही खोली सोडावी लागणार. आणि दुसरी मिळणं कठीण आहे इथे. खोली नाही तर पत्त्याची नोंद नाही, नोंद नाही तर पुढचं काहीच नाही."

त्यांनी उलट विचारलं, "तुला वाईट वाटतंय की बरं वाटतंय?"

मी फोन ठेवून दिला. खरं तर मी वाटच बघत होते. कुणीतरी हाकलून द्यावं, म्हणजे 'काय करणार, जमलं नाही' म्हणत परत जाता येईल. 'लेकराला टाकून गेली, आणि तेही निभावता आलं नाही हिला,' असं कुणी म्हणणार नाही.

तशीच खाली गेले. मालकीणबाई बैठकीत गळणाऱ्या छताखाली पातेली मांडत होत्या. त्यांनी माझ्या हातात टॉवेल दिला. आम्ही दोघींनी गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये मी म्हटलं, नुकसान भरून देईन आणि महिनाअखेर खोली सोडेन.

"सोडता कशाला?" त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी ओला फडका पिळून घ्या. राहा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुटकेचं आहे असं समजून त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

वर येऊन पुन्हा फोन केला. उचलला मुलाने. बाबा जेवून आडवे झालेत, म्हणाला, आणि विचारलं, "काढलं का तुला?"

"नाही रे. राहा म्हणाल्या."

"मग?"

परत यायचंय, हे शब्द अगदी ओठांवर होते. पण आता ते म्हणायला माझ्या स्वतःच्या इच्छेशिवाय दुसरं कुठलंच कारण उरलं नव्हतं.

"मग काय," मी म्हटलं, "सोमवारी पहिलं लेक्चर आहे."